पाटीवर सोडलेली जागा

वसमतच्या आमच्या घराच्या फाटकावर माझ्या नावाची पाटी होती. बाबांचं नाव नव्हतं, मायचं नव्हतं. काळा रंग दिलेला लोखंडी पत्रा आणि त्यावर पितळी अक्षरं. माझं नाव, त्यापुढं बी.एस्सी., आणि त्यापुढं वीतभर मोकळी जागा. पाटी लागली तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे ती डिग्रीसुद्धा अजून हातात आलेली नव्हती. फाटक आणि पाटी बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्या चाचांनी विचारलं होतं, "भाऊ, अक्षरं मधोमध घेऊ का?"

"न्हाई," बाबा म्हणाले होते, "डावीकडून घ्या. म्होरं जागा राहू द्या. आनखी डिग्र्या यायच्यात."

ते घर आम्हाला विकावं लागलं. कर्जापेक्षा कमी किमतीला विकावं लागलं. विकतानाही अशा पेचात होतो की लवकर विकलं तरी नुकसान आणि उशिरा विकलं तरी नुकसान. आमच्यासारख्या घरांत अशा गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही. मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण जसं झालं तसं सांगते.

आम्ही मूळचे शिरड शहापूरचे. बाबांचा मालवाहू टेम्पो होता. हळदीच्या हंगामात खेड्यांतून वसमतच्या मार्केटला हळद आणायची, एरवी मिळेल तो माल. माय हळद निवडायला जायची. तिच्या हाताच्या रेषा वर्षभर पिवळ्या असायच्या. घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. वसमतला कॉलेजात जायला लागले तेव्हा बाबांनी प्लॉट घेतला, आणि रजिस्ट्रीच्या दिवशी तिथल्या कारकुनानं विचारलं, कुणाच्या नावानं? बाबा म्हणाले, लेकीच्या. कारकुनानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मला एवढा अभिमान वाटला होता की सही करताना नावातलं एक अक्षर राहून गेलं.

प्लॉट माझ्या नावावर, म्हणून घराच्या कर्जावरही माझं नाव लागलं. बँकेचा नियमच तसा आहे: जागा ज्याची, तो कर्जात हवाच. फेडणारे बाबा होते, पण कागदावर पहिली कर्जदार मी होते. त्या वेळी हे कुणालाच धोक्याचं वाटलं नाही. उलट बाबा सगळ्यांना सांगत फिरले, "बँक माझ्या लेकीला कर्ज देऊन राहिली."

वास्तूच्या दिवशी बुद्धवंदना झाली, शिरडहून सगळे आले, आणि प्रत्येक जण आत येण्याआधी फाटकापाशी थांबून पाटी वाचत होता. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याला वाचायला लावत होते.

पुढं मी एम.एस्सी. फिजिक्ससाठी नांदेडला गेले. पहिल्या वर्षाला असतानाच संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेतली तांत्रिक पदाची परीक्षा दिली. सगळ्या मैत्रिणी देत होत्या म्हणून दिली. त्यात निवड झाली. मी नांदेडहून पेढे घेऊन वसमतला आले. मायनं पेढ्यांचा पुडा भिंतीवरच्या दोन फोटोंपुढं ठेवला, हात जोडले, आणि वळून म्हणाली, "लई झाक झालं बग. आता तुला सांगायला पायजे. हप्ते थकलेत."

बाबांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. एका गोदामात पोत्यांची थप्पी घसरून मनगट मोडलं होतं. फोनवर मला "मुरगळलाय" एवढंच सांगितलं होतं. टेम्पो महिनोन् महिने दारात उभा होता. साठवलेल्यातून काही हप्ते गेले होते, आता दोन लागोपाठ चुकले होते.

"मला काहून सांगितलं नाही?" मी विचारलं.

"तुझी परीक्षा होती," बाबा म्हणाले.

"परीक्षा होऊन दोन महिने झाले, बाबा."

"मग निकाल होता."

माय हसली. त्या दिवशी ती एकदाच हसली.

मी पुड्यातला पेढा हातात घेऊन बसले होते. नोकरीची कागदपत्रं माझ्या पिशवीतच होती. नेमणूक होण्याआधी सुरक्षा पडताळणी होणार होती. त्यासाठीचा जो फॉर्म मी भरून पाठवला होता त्यात राहण्याचा पत्ता होता, स्थावर मालमत्ता होती, आणि कर्ज थकीत आहे का, हेही होतं. पोलीस दिलेल्या पत्त्यावर येऊन चौकशी करणार होते. मी पत्ता लिहिला होता वसमतच्या घराचा. दुसरा पत्ता मला होताच कुठं?

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी बँकेत गेलो. कर्जाच्या टेबलावर एक मॅडम होत्या. त्यांनी स्क्रीनवर पाहिलं आणि माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "तुम्हीच का त्या? पहिलं नाव तुमचं आहे." मग हळू आवाजात समजावलं. तिसराही हप्ता चुकला आणि ठरावीक मुदत उलटली, की खातं बुडीत धरलं जाईल. मग नोटीस, मग घराचा ताबा, मग लिलाव. आणि हे सगळं बाबांच्या नावासोबत माझ्या क्रेडिट रिपोर्टवरही येईल.

"तिचं नाव काढून टाका मॅडम," बाबा म्हणाले. "मी एकटा राहतो कर्जात."

"काका, घरच त्यांचं आहे. नाव कसं काढणार?"

"घर मी बांधलंय."

"हो, पण कागदावर त्यांचं आहे."

बाबांनी मोठ्या मनानं दिलेली गोष्टच माझ्या गळ्यात अडकली होती आणि दोन्ही हातांनी ओढली असती तरी ती निघाली नसती. त्यांच्यापाशी तर त्या वेळी एकच हात होता.

घर विकायचं ठरलं. वसुलीच्या एका माणसाचा फोन यायचा. तो फार गोड बोलायचा. म्हणायचा, "ताई, कशाला टेन्शन घेता? घर विका, येईल तेवढं भरा, उरलेलं बँकेकडून सोडवून देतो. तडजोड करून टाकू." बाबांना हे पटलं. सोडून देतात म्हटल्यावर कुणाला पटणार नाही? मी पुन्हा मॅडमकडं गेले. त्या म्हणाल्या, "तडजोडीत पैसे सुटतात. पण रिपोर्टवर 'तडजोड' असाच शेरा पडतो आणि तो बरीच वर्षं राहतो. पूर्ण भरलंत तर 'बंद' असं येतं. उशीर झाल्याची खूण राहील, पण कर्ज फिटलं असं दिसेल. तुमच्या नोकरीत काय चालेल ते मी सांगू शकत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर पूर्ण भरलं असतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "अर्थात, तुमच्या जागी मी नाहीये."

गिऱ्हाइकं येऊ लागली. पहिले गृहस्थ भिंती ठोकून बघत आत आले, बैठकीतले दोन फोटो पाहिले, आणि पाणीसुद्धा न पिता "कळवतो" म्हणून गेले. दुसऱ्याच्या वतीनं दलाल बोलला. "घर चांगलंय हो. पर एरिया तुमच्या लोकांचाय न. भाव पडतोच." हे तो आमच्याच ओट्यावर बसून, आमचाच चहा पिता पिता म्हणाला. मायनं कप उचलून आत नेला. कप अजून अर्धा भरलेला होता.

"अवं, चहा व्हता त्यात," दलाल म्हणाला.

"एरिया आमच्या लोकांचाय न," माय आतून म्हणाली, "चहा बी पडतोच."

सगळ्यांचे भाव कर्जाच्या खाली होते. प्लॉट घेताना बाबांनी जास्त दिले होते, बांधकामही महाग पडलं होतं. आणि घाईत विकणाऱ्याची घाई समोरच्याला लांबूनच दिसते.

त्यातच माझं दुसरं कोडं होतं. घर विकून आम्ही निघून गेलो आणि मग पोलीस आला, तर तो काय लिहील? दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. पोलीस येईपर्यंत थांबलो, तर तिसरा हप्ता चुकतो. मी ठाण्यात जाऊन विचारलं, माझा कागद कधी येईल? तिथले जमादार म्हणाले, "आला की येईल." पत्ता बदलल्याचं प्रयोगशाळेला कळवलं, तर फाईल पुन्हा पहिल्यापासून फिरेल, असं आधी निवड झालेल्या एका मुलीनं सांगितलं. मी बैठकीत बसायचे आणि मला वाटायचं की या घरात राहताही येत नाही आणि इथून उठताही येत नाही. नांदेडला परत गेले तर चौकशीच्या वेळी मी नसेन, म्हणून कॉलेजही सुटत होतं. फाटकाची कडी वाजली की आम्ही तिघंही एकदम उठायचो. बहुतेक वेळा शेजारची शेळी असायची.

शेवटी चाचा आले. फाटक बनवणारे. त्यांचं दुकान बसस्टँडच्या मागं होतं, घर मात्र गल्लीत, दोन खोल्यांचं, आणि मुलाचं लग्न ठरलेलं. त्यांनी घरात शिरण्याआधी सवयीनं फाटक हलवून पाहिलं. "बिजागरी घासून राहिली भाऊ. तेल द्या." मग बसले आणि सरळ म्हणाले, "मला घर पायजे. भाव मी पण दलालाएवढाच देऊ शकतो. जास्तीची ताकद न्हाई."

"तुमाला एरिया चालतो का?" बाबांनी विचारलं. आवाजात थोडा कडूपणा होता.

चाचा हसले. "आमाला कोनत्या एरियात भाव सांगतेत भाऊ? दोन कॉलन्या फिरलो. एक तर म्हने, घर विकायचंच न्हाई. आन भाईर 'विकणे आहे'चा बोर्ड लागलेला."

बाबांनी मग पहिल्यांदाच त्यांना सगळं सांगितलं. कर्ज, हप्ता, माझी नोकरी, पोलीस. मला अवघडल्यासारखं झालं, पण चाचा ऐकत राहिले. म्हणाले, "लग्न उन्हाळ्यात हाय. तवर तुमी राहा. भाडं द्या थोडं, म्हंजी तुमाला बी बरं वाटंल."

"आन पाटी?" माय दारातून म्हणाली.

"पाटीला काय खायला लागतंय का भाभी? राहू द्या."

भाव ठरला, पण तो कर्जाच्या खाली होता. मधलं अंतर भरायचं कशातून, हे बाबांनी आम्हाला विचारलं नाही. एका सकाळी ते म्हणाले, "चल, कनेरगाव नाक्याला जाऊन येऊ." हात तेव्हा गळ्यातून निघाला होता. टेम्पो त्यांनी स्वतः चालवला. औंढा गेलं, हिंगोली गेली, ते सगळ्या वाटेत खड्ड्यांबद्दल बोलत होते. नाक्यावर एका ढाबेवाल्यानं टेम्पोभोवती फिरून पाहिलं, बाबांनी चावी दिली, दोघांनी कागदांवर सह्या केल्या. मग आम्ही वाशीमहून येणाऱ्या एसटीची वाट बघत उभे राहिलो.

"बाबा, हे नको होतं करायला," मी म्हणाले. "तडजोड घेतली असती. बघू म्हटलं असतं नोकरीचं."

"काय बघू?"

"नसती मिळाली तर एम.एस्सी. पूर्ण केली असती. मला पुढं शिकायचंच होतं."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. बोलल्यावर मलाच भीती वाटली. बाबा रस्त्याकडं बघत होते. ढाब्यावरचा माणूस आमचा टेम्पो मागं घेत होता आणि त्याला गिअर पडत नव्हता.

"त्याला दुसरा जरा दाबून टाकावा लागतो," बाबा म्हणाले आणि सांगायला निघालेही. तेवढ्यात बस आली. बसमध्ये ते खिडकीशी बसले. आयुष्यभर स्टिअरिंगशी बसलेला माणूस खिडकीशी बसला की हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नाही. वसमत जवळ आल्यावर म्हणाले, "शिकायचं तर शिक. मी काय न्हाई म्हनलो का?" पण टेम्पो गेला होता. मी शिकायचं म्हटलं असतं तर घर चालणार कशावर, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

व्यवहाराच्या दिवशी आणखी एक गाठ होती. चाचांना कागद मिळाल्याशिवाय पैसे द्यायचे नव्हते आणि बँकेला पैसे मिळाल्याशिवाय कागद द्यायचे नव्हते. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी मॅडमनी सगळ्यांना एकाच टेबलाशी बसवलं. चाचांचा डीडी, आमची रक्कम, घराची मूळ कागदपत्रं, सगळं एकाच वेळी टेबलावर आलं. तिसरा हप्ता चुकण्याच्या आधी खातं बंद झालं. तिथून आम्ही रजिस्ट्री ऑफिसला गेलो. कारकून तोच होता. त्यानं मला ओळखलं नाही. या वेळी माझ्या सहीत एकही अक्षर राहिलं नाही.

आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात पोलीस आला. आधी आला असता तर! असं आम्ही तिघंही मनात म्हणालो असू.

साध्या कपड्यातले, पोट सुटलेले दुसरेच जमादार होते. गाडी लावून त्यांनी पाटी वाचली, मग फॉर्मवरचं नाव वाचलं, मग पुन्हा पाटी. चाचाही त्या दिवशी मागच्या खिडकीच्या ग्रीलचं माप घ्यायला आलेले. बाबांनी मला आधीच बजावलं होतं, "विचारलं तर घर आपलंच म्हन. पाटी हाय. उगी कोन खोदत बसतंय?"

जमादारांनी माझं शिक्षण विचारलं, शेजारच्या दोघांची नावं घेतली. मग म्हणाले, "घर स्वतःचं का?"

"व्हय साहेब," बाबा म्हणाले. "पाटीवर नाव हाय की लेकीचं."

जमादारांचा पेन कागदावर टेकला. मी बाबांकडं पाहिलं. त्यांचे डोळे मला सांगत होते की आता बोलू नको. मला त्यांना खोटं पाडायचं नव्हतं. पण ही चौकशी माझी होती, आणि पहिलं उत्तरच चुकीचं गेलं तर पुढं आयुष्यभर मला कडीचा आवाज ऐकू आला असता.

"होतं," मी म्हणाले. "मागच्या आठवड्यात विकलं. आता आम्ही इथं भाड्यानं राहतो. कर्ज होतं, ते पूर्ण फेडलं. कागद दाखवते."

पिशवीतून मी एकदम सगळेच कागद बाहेर काढले. बाबा खाली बघत होते. जमादारांनी बँकेचा दाखला घेतला, चष्मा वर करून वाचला आणि परत दिला.

"थकीत काही?"

"नाही."

"मग एवढं घाबरून काहून राहिल्या? राहता तर इथंच न?"

"इथंच."

"मला तेवढंच लिहायचंय." मग चाचांकडं वळून, "तुमी कोन?"

"घरमालक."

"मग पाटी यांची काहून?"

"पाटी मीच बनवली साहब," चाचा म्हणाले, हातातली टेप गुंडाळत. "तवा पैसे घेतलेच न्हाई. म्हंजी पाटी बी माझीच. माझ्या पाटीवर मी कोनाचं बी नाव ठेवीन."

जमादार हसले. माय चहा घेऊन आली. त्यांनी तो सगळा पिला. ते गेल्यावर बाबा बराच वेळ ओट्यावरच बसून होते. मी माफी मागायला जवळ गेले तर म्हणाले, "बराबर केलंस." पण माझ्याकडं बघून नाही म्हणाले. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी गरजेपुरतंच बोलत होते.

उन्हाळ्यात आम्ही भाड्याच्या एका खोलीत गेलो. बाबा आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. मी नांदेडला परत जाऊन दुसऱ्या वर्षाच्या वर्गांना जायला लागले, आणि प्रत्येक तासाला वाटायचं की हे पूर्ण होणार नाही. मला त्या वर्षी एक प्रयोग फार आवडला होता, त्याबद्दल इथं लिहिण्यात अर्थ नाही.

मग चाचांचा फोन आला. "बेटा, तुमच्या घरी पत्र आलंय." त्यांना चूक कळली की नाही ठाऊक नाही. मी दुरुस्त केली नाही.

मी वसमतला गेले. फाटकाची बिजागरी आता वाजत नव्हती. दारात आल्यावर मला विचारावं लागलं की चपला कुठं काढू. चाचांची नवी सून माझ्याच वयाची, तिनं पाणी आणलं आणि म्हणाली, "ती पाटीवरची तुम्हीच का?" बैठकीत आमच्या फोटोंच्या जागी घड्याळ होतं. पत्र नेमणुकीचं होतं. पडताळणी पूर्ण झाली होती, रुजू होण्याची तारीख एम.एस्सी.च्या परीक्षेच्या आधीची होती. मुदतवाढ मागता येते का, ते मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं. आणि असतं तरी खोलीचं भाडं, मायचं हळद निवडणं, बाबांचं दुसऱ्याच्या गाडीवर जाणं, यांना कुठली मुदतवाढ मागणार?

चाचांनी स्क्रू काढून पाटी उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मी ती हातात धरून चालत खोलीवर गेले. बाबांनी कागद उलगडला, बाहीनं पितळ पुसलं.

"आता हिच्यावर एम.एस्सी. घालून घेऊ," ते म्हणाले. "जागा हाय."

मी त्यांना तारखेचं सांगितलं. त्यांनी पत्र मागून घेतलं. इंग्रजीत होतं, तरी ते ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत गेले. मग पत्र घडी करून माझ्याकडं दिलं आणि पाटी पलंगाखाली सरकवली, अक्षरं वरच्या बाजूला ठेवून.

"राहू दे जागा," म्हणाले.

पुढच्या सोमवारी मला रुजू व्हायचं आहे. बॅग भरून झाली आहे. पाटी अजून पलंगाखाली आहे, आणि ती सोबत नेऊ की नको, हे मी बाबांना अजून विचारलेलं नाही.